पाळण्याची दोरी कोणाच्या खाती?

घरात मूल जन्माला येणे ही फार आनंदाची गोष्ट असते. नोकरी करणाऱ्या आईच्या बाबतीत हा आनंद पूर्वी बारा आठवडे टिकत असे. २०१७ साली बाळंतपणाच्या रजेचा कायदा दुरुस्त झाला, तेव्हापासून पहिल्या दोन मुलांपुरता तो सव्वीस आठवडे टिकतो. बापाचा आनंद त्याआधीच संपलेला असतो. केंद्र सरकारच्या नोकरीत तो पंधरा दिवसांचा असतो आणि खाजगी नोकरीत साहेबांच्या मर्जीइतका. सत्ताविसाव्या आठवड्याच्या सोमवारी सकाळी घरात एक प्रश्न उभा राहतो. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत "मी कोण?" हा सर्वांत मोठा प्रश्न मानला आहे. पण ज्यांनी ती पुस्तके लिहिली त्यांच्या घरी मुलांना बघायला कोणीतरी असणार. नाहीतर "बाळाला कोण बघणार?" हा त्याहून मोठा प्रश्न त्यांना नक्की सुचला असता.

बाराव्या दिवशी बारशाला पाळण्याभोवती इतकी गर्दी असते की बाळाला वारा लागत नाही. आत्या कानात कुर्रर्र करते, दोन्ही आज्या दोरी ओढतात, शेजारणी घुगऱ्या खातात आणि नाक कोणावर गेले यावर दोन घराण्यांत वाद होतो. सत्ताविसाव्या आठवड्यात यांपैकी एकही माणूस दिसत नाही. पाळण्याची दोरी आणि जगाचा उद्धार यांचा संबंध सांगणारे एक सुभाषित आपल्याकडे महिला दिनाच्या प्रत्येक भाषणात असते. जगाचा उद्धार होतो हे मान्य. पण त्याचे बिल कोणाच्या नावावर फाडायचे, हे त्यात दिलेले नाही. मी बँकेत कारकून असल्यामुळे माझे लक्ष नेमके तेवढ्यावर जाते.

आमच्या निगडीत या प्रश्नाची चार उत्तरे प्रचलित आहेत. आजी, मावशी, पाळणाघर आणि राजीनामा.

पैकी आजीचे असे आहे, की निगडी हे बाहेरून आलेल्या माणसांचे गाव. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, पाठोपाठ मोटारी आल्या, स्कूटरी आल्या, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले आणि साताऱ्याची, सांगलीची, लातूरची, खानदेशातली मंडळी इकडे राहायला आली. येताना त्यांनी देव आणले, लोणच्याच्या बरण्या आणल्या, पितळी पिंप आणले. आजी मात्र गावीच राहिली. कारण तिथे तिची म्हैस असते. तिला नातवापेक्षा म्हैस लाडकी असते असे नाही. पण नातू तीन वर्षांनी शाळेत जाईल आणि मग आपली गरज संपेल, म्हैस तसे करत नाही, हे आजीला पक्के ठाऊक असते.

प्राधिकरणातल्या बंगल्यांत आज्या भरपूर आहेत. पण त्यांची नातवंडे न्यू जर्सीला असतात. पाहुण्यांच्या व्हिसावर तिथे एका वेळी फार तर सहा महिने राहू देतात. त्यामुळे सहा महिने मुलाची आई आणि सहा महिने सुनेची आई अशी व्यवस्था असते. पहिली पाळी, दुसरी पाळी हे आमचे कारखान्यातले शब्द. ते आम्ही विमानापर्यंत नेले. जाताना आजी थालीपिठाची भाजणी घेऊन जाते आणि येताना गुडघेदुखी घेऊन येते. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातले संगणक अखंड चालू राहावेत म्हणून निगडीची एक आजी गुडघ्याला पट्टा बांधून नातवामागे धावते, ही गोष्ट दोन्ही देशांच्या कुठल्याच हिशेबात लिहिलेली नसते.

लिहिलेली का नसते, ते आम्हाला बी.कॉम.ला शिकवले होते. पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली असे दाखवून दिले, की एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले तर राष्ट्राचे उत्पन्न कमी होते. काम तेच, पोळ्या त्याच, फक्त पगार बंद. याच न्यायाने आमच्या इमारतीतल्या दोन आज्यांनी आपापली नातवंडे एकमेकींकडे दिली आणि महिना पाच-पाच हजार रुपये एकमेकींना दिले, तर राष्ट्राचे उत्पन्न दहा हजारांनी वाढेल. स्वतःचेच नातवंड सांभाळले तर शून्य. या हिशेबाने माया हा राष्ट्राच्या उत्पन्नाला लागलेला मोठाच तोटा म्हटला पाहिजे.

ज्यांना आजी नाही ते पाळणाघरात जातात. आमची कन्या २०१२ सालची, म्हणजे बारा आठवड्यांच्या जमान्यातली. तेव्हा आमच्या हिला एका खाजगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी होती. आमच्या पाळणाघराच्या दारावर पाटी होती : "येथे घरगुती वातावरणात मुले सांभाळली जातील." ज्यांनी आमचे घर पाहिले आहे त्यांना ही पाटी वाचून काळजी वाटली असती. सुदैवाने तिथले वातावरण घरच्यापेक्षा बरेच बरे होते. काकूंकडे बारा मुले होती आणि त्या सांगायच्या, "मुलांचं काही नाही हो, ती दहा मिनिटांत गप्प होतात. आयांचं रडणं जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालतं." साडेसहानंतर दर अर्ध्या तासाला जादा पैसे पडत. त्या दिवसांत भक्ती-शक्ती चौकात अडकलेल्या बसमध्ये आमची ही घड्याळाकडे ज्या नजरेने पाहायची, तेवढ्या तन्मयतेने कोणी शिल्पातल्या शिवाजी महाराजांकडे आणि तुकोबांकडेही पाहिले नसेल.

चौथे उत्तर राजीनामा. हा राजीनामा कोणी मागत नाही, तो हिशेबातून आपोआप निघतो. आत्या, मामी, चुलत सासरे अशी मंडळी चहा पिता पिता हिशेब मांडतात. "सुनेचा पगार किती? त्यातनं पाळणाघराचे इतके वजा, बसचे इतके वजा, पोळ्या बाहेरनं आणता त्याचे इतके वजा. मग उरलं काय? चार हजार! चार हजारांसाठी लेकराचे हाल कशाला करता?" वजाबाकी बरोबर असते. मी पडताळून पाहिली आहे. पण कॉमर्सच्या पहिल्या वर्षाचा पोरगाही विचारील, की हा खर्च सुनेच्याच खाती का टाकला? मुलगाही कामावर जातो. तो घरी राहिला असता तरी पाळणाघर लागले नसते. मग हीच वजाबाकी एकदा त्याच्या पगारातून करून पाहा. तसे कोणी करत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मूल हे जोडखाते आहे, दोघांपैकी कोणाच्याही सहीने चालणारे. आडनाव लावायच्या वेळी एकाची सही चालते आणि पैसे भरायच्या वेळी दुसऱ्याची.

२०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने, माणसे दिवसाचे चोवीस तास काय करतात, याची देशभर पाहणी केली. घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी १३४ मिनिटे वेळ जात होता आणि पुरुषांचा ७६ मिनिटे. हा ७६ चा आकडा मला थोडा फुगलेला वाटतो. मूल मांडीवर घेऊन क्रिकेट पाहिलेले त्यात धरले असावे.

हा झाला घरचा हिशेब. सरकारचा हिशेब याहून मनोरंजक आहे. दुकानदार दुकानात नोकर ठेवतो. नोकराचा पगार वजा जाऊन उरलेल्या नफ्यावर त्याला कर लागतो. डॉक्टर कंपाउंडर ठेवतो, तेही वजा. धंद्यासाठी मोटार घेतली तर ती दरवर्षी जुनी होते म्हणून घसारा वजा. तत्त्व सोपे आहे. जे मिळवण्यासाठी जो खर्च करावाच लागला, तो कमाईत मोजू नये. आता मूल कोणाकडे तरी ठेवल्याशिवाय आईला कचेरीचा उंबरा चढता येत नाही. मग हा खर्च पगार मिळवण्यासाठीचा नव्हे काय? पण पगारदारांना सरसकट एकच ठोक वजावट असते. २०२४ च्या अर्थसंकल्पाने ती नव्या करपद्धतीत ७५,००० रुपये केली. ज्याला दोन मुले आहेत त्याला तेवढीच आणि ज्याच्या घरी मांजरही नाही त्यालाही तेवढीच. जुन्या पद्धतीत शाळेची फी वजावटीला चालते, पाळणाघराची पावती चालत नाही. १९६२ च्या प्राप्तिकर नियमांत मुलांच्या शिक्षणभत्त्याला सूट होती, ती कित्येक वर्षे मुलामागे महिना शंभर रुपये राहिली. शंभर रुपयांत मूल कधी शिकत होते, ते पुराणवस्तू संशोधन खात्याला विचारावे लागेल. मुलांवर घसाराही मिळत नाही. घसारा खरे तर आईबापांना लागतो, पण त्याची तरतूद नाही.

हा प्रश्न फक्त माझ्यासारख्या कारकुनाला पडला असता तर सोडून दिला असता. पण कॅनडात तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. टोरांटोच्या बेथ साइम्स या वकीलबाईंनी म्हटले, की माझे पुरुष सहकारी अशिलांना जेवायला नेतात आणि ते बिल धंद्याचा खर्च म्हणून दाखवतात. मी मुलांसाठी बाई ठेवली नाही तर मला वकिली करताच येणार नाही, मग तिचा पगार धंद्याचा खर्च का नाही? मुलांच्या सांभाळासाठी त्या देशात एक मर्यादित वजावट होतीच. बाईंना पूर्ण खर्च हवा होता. १९९३ साली निकाल लागला. नऊ न्यायाधीशांपैकी सातांनी "नाही" म्हटले आणि दोघांनी "हो". ते सातही पुरुष होते आणि त्या दोघी बायका होत्या. कायदा आंधळा असतो म्हणतात; पण मुलाला कोण बघते, तेवढे त्याला बरोबर दिसते. पुढे चारच वर्षांनी, १९९७ साली, त्याच देशातल्या क्विबेक प्रांताने वादच मिटवला. दिवसाला पाच डॉलर भरा आणि मूल ठेवा, बाकीचे सरकार बघेल, अशी पाळणाघरे त्याने सुरू केली.

इथे आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्यांचा प्रवेश होतो. वय चोपन्न, अविवाहित, रोज पहाटे दुर्गा टेकडीवर फिरायला जातात आणि त्यामुळे दिवसभर आमच्यापेक्षा ताजेतवाने असतात. क्विबेकची हकिगत मी त्यांना डबा खाताना सांगितली. ते म्हणाले, "तुम्हाला मूल हवं होतं, तुम्हाला झालं. मला मोटरसायकल हवी होती, मी घेतली. माझ्या पेट्रोलला तुम्ही पैसे देता का? मग तुमच्या पोरांच्या सांभाळाला माझ्या करातून पैसे का?"

प्रश्न उद्धट आहे म्हणून सोडून देता येत नाही. नीतिशास्त्रातला तो अस्सल प्रश्न आहे. मी बँकेतल्या माणसाला शोभेल असे उत्तर दिले. म्हटले, "सहा वर्षांनी तुम्ही निवृत्त व्हाल. तुमच्या ठेवींवर व्याज येईल. ते कुठून येणार? आज जे पोर पाळणाघरात दुपट्यावर पडलंय, ते उद्या नोकरीला लागून आपल्या बँकेतून घरासाठी कर्ज काढणार, त्याच्या हप्त्यातून. ऐंशीव्या वर्षी तुमचं ब्लडप्रेशर कोण तपासणार? आज ज्याला स्वतःची चड्डी घालता येत नाही, तो!"

मला वाटले, बाजी मारली. त्यांनी शांतपणे डब्याचे झाकण लावले आणि विचारले, "म्हणजे मूल ही तुमची गुंतवणूक. मग एखादं मूल जन्मतःच पांगळं निघालं, आयुष्यात एक रुपया मिळवणार नाही, त्याला पाळणाघर नको का?"

तेवढ्यात सुट्टी संपली आणि काउंटरवर रांग लागली. पण हा प्रश्न मला पुढे बरेच दिवस चावत राहिला. अविवाहित माणसाने मुलांविषयी आईबापांपेक्षा शहाणी गोष्ट बोलावी, हे जरा अन्यायाचे आहे. पण त्यांचे म्हणणे खरे होते. मूल ही मुदतठेव नाही. परतावा मिळेल म्हणून त्याला सांभाळायचे ठरवले, तर ज्याला सांभाळण्याची सर्वांत जास्त गरज आहे तेच आधी वगळले जाईल.

मग सरकारने पैसे का द्यावेत? मोटरसायकलपासूनच सुरुवात करू. मोटरसायकल बँकेच्या आवारात कुलूप लावून आठ तास ठेवता येते. मुलाचे तसे नाही. कोणीतरी माणूस, जिवंत, जागा, शक्यतो प्रेमळ, त्याच्याजवळ आठ तास बसलाच पाहिजे. सरकारने पैसे दिले तरी बसला पाहिजे आणि नाही दिले तरी. सरकारने एक पैसाही दिला नाही, म्हणून देशाचा एक पैसाही वाचत नाही. तो खर्च फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी खाती पडतो. कोणाच्या, ते पाहण्यासाठी आमच्या मजल्यापासून निघून जरा खाली उतरावे लागते.

आमच्या मजल्यावर एका घरी बाळ सांभाळायला एक मावशी येतात. वर मी सांगितलेले दुसरे उत्तर ते हेच. मावशी ओटास्कीममधून चालत येतात. बाळाची आई हिंजवडीला जाते. मावशींमुळे तिची नोकरी टिकली, बाळ गुटगुटीत झाले, सगळे छान. मावशींना दीड वर्षांचा मुलगा आहे. एकदा जिन्यात मी विचारले, "मग तुमच्या बाळाला कोण बघतं?" मावशी सहज म्हणाल्या, "थोरली हाय की."

थोरली दहा वर्षांची आहे.

म्हणजे हिंजवडीच्या संगणकाची दोरी निगडीच्या तिसऱ्या मजल्यावर आली, तिथून ओटास्कीममध्ये गेली आणि दहा वर्षांच्या एका पोरीच्या हातात येऊन संपली. तिच्याखाली कोणी नाही, म्हणून संपली. आम्ही सगळे वरचे लोक खर्च खाली ढकलत होतो. तो अखेर तिने शाळा बुडवून भरला. देशात २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क मिळाला, थोरलीलाही मिळाला. पण तिच्या कडेवर भाऊ आहे आणि वर्गाच्या बाकावर भावाला जागा नाही.

ही गोष्ट नवी आहे असे समजू नका. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह त्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेल्या. मुले शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी व्याख्यान न देता पाहिले. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळत घरी बसतात, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा त्यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. ताईने भावाला घेऊनच यावे. भाऊ पाळणाघरात, ताई वर्गात. इतका साधा उपाय एखाद्या समितीला सुचला असता तर तिने तीन खंडांत अहवाल दिला असता.

सरकारला हे ठाऊक नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून जास्त कामगार बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली तो आकडा तीसवर आणला. म्हणजे एकतिसावी बाई कामावर आली की तिच्यामागोमाग पाळणा येणार. तेव्हा काटकसरी मालकाला बायकांची संख्या मोजताना तीसच्या पुढे अंक आठवेनासे होणार, हे उघड होते. २०१७ च्या दुरुस्तीत एक मोठी गोष्ट झाली, तिची चर्चा फारशी झाली नाही. पाळणाघरासाठी आता बायका मोजायच्या नाहीत, सगळे कर्मचारी मोजायचे. पन्नास झाले की पाळणाघर. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी कामगार संहिता लागू झाली, तिच्यातही पन्नास हाच आकडा आहे. मुलाला बापही असतो, हे कायद्याने एकूण एकोणसत्तर वर्षांत मान्य केले. मात्र दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन बाळाला पाहण्याची सवलत कायद्यात फक्त आईला आहे. बाप मोजण्यापुरता. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या ७३० दिवसांच्या बालसंगोपन रजेचेही तसेच. ती आईला मिळते आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या बापाला मिळते. बायको हयात असलेल्या बापाला मिळत नाही. बरोबर आहे, त्याची रजा घरीच असते.

पण ओटास्कीमच्या मावशींच्या कारखान्यात कर्मचारी एकच, त्या स्वतः. पन्नासचा आकडा गाठायला त्यांना आमच्या इमारतीतली सगळी बाळे सांभाळावी लागतील. अशांसाठी सरकारची राष्ट्रीय पाळणाघर योजना होती. दारिद्र्यरेषेखालच्या घराकडून मुलामागे महिना वीस रुपये घ्यायचे, असा तिचा नियम होता. वीस रुपयांत निगडीत वडापाव येतो. २०२२ पासून ती योजना 'पाळणा' या सुंदर नावाने 'मिशन शक्ती'त गेली. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे आणि खर्च केंद्राने साठ टक्के, राज्याने चाळीस टक्के करायचा, अशी तिची रीत आहे. रीत चांगली आहे. १९७५ पासून चाललेल्या आपल्या अंगणवाडीची अडचण एवढीच, की ती काही तासांत सुटते आणि आई संध्याकाळी सुटते. मधल्या वेळात थोरली असते. आठ तासांची अंगणवाडी वस्तीवस्तीत झाली, की थोरली मोकळी झाली. जिथे दोरी संपते तिथूनच खर्चाला सुरुवात केली पाहिजे. आमच्यासारख्यांच्या पाळणाघराच्या पावत्या नंतर घेतल्या तरी चालतील. आम्ही रांगेत उभे राहायला सरावलो आहोत.

कोणी म्हणेल, पैसा कुठून आणायचा? गरज पटली की पैसा सापडतो, असा जगाचा अनुभव आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले पुरुष आघाडीवर गेले आणि विमाने बांधायला बायका लागल्या, तेव्हा तिथल्या सरकारने खजिन्यातून पाळणाघरे काढली. आईने सुरुवातीला दिवसाला पन्नास सेंट द्यायचे. युद्ध संपले, पुरुष परत आले, १९४६ साली सरकारी पैसा थांबला. १९७१ साली तिथल्या संसदेने देशभर पाळणाघरांचा कायदा मंजूर केला, तेव्हा अध्यक्ष निक्सन यांनी कुटुंबाच्या जागी सामुदायिक संगोपन येईल अशा धर्तीचे कारण देऊन तो अडवला. विमाने बांधून हवी होती तेव्हा मात्र कुटुंबाला काही धोका नव्हता.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२४ साली 'लाडकी बहीण' योजना काढून महिना पंधराशे रुपये द्यायला सुरुवात केली. त्या पैशाला मी नावे ठेवणार नाही. काउंटरवर ते काढायला आलेल्या बायकांचे चेहरे मी पाहिले आहेत. स्वतःच्या खात्यातले, स्वतःच्या अंगठ्याने काढलेले पैसे मोजताना माणूस वेगळाच दिसतो. मी फक्त नात्याचा विचार करतो. बायका सरकारच्या बहिणी झाल्या, म्हणजे सरकार आपोआप त्यांच्या मुलांचे मामा झाले. आपल्याकडे भाऊबीजेला ओवाळणी घातली की मामाचे कर्तव्य संपत नाही. बहीण अडचणीत असली की भाचरे मामाच्या घरी राहतात, मामा कुरकुर करतो, मामी थोडी जास्त कुरकुर करते, पण भाचरे राहतात. पंधराशे रुपये ताटात घालणारा मामा चांगलाच. पण "जा तू कामावर, पोरं माझ्याकडं राहू दे संध्याकाळपर्यंत" म्हणणाऱ्या मामाची सर त्याला येणार नाही.

हे सगळे मी आमच्या अविवाहित सहकाऱ्यांना मागच्या आठवड्यात पुन्हा सांगितले. थोरलीचेही सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी शाळेसाठी कर भरतो, तसा याच्यासाठीही भरायचा."

"तसाच."

"मला पोरं नसताना."

"रस्त्यावरचे दिवे तुम्ही रात्री नऊला झोपत असतानाही जळतातच की."

त्यांनी मान डोलावली. "हरकत नाही. पण मग आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर ते पाळणाघर निघालं आणि दुपारी पोरं बोंबलायला लागली, तर तक्रार करायचा हक्क मला पाहिजे. मी पैसे भरले असतील."

ही मागणी वाजवी आहे. आज ते पोरांच्या आईबापांकडे तक्रार करतात. उद्या आपल्याच पाळणाघराविषयी करतील. तो हक्क त्यांना जरूर द्यावा.